दिवा आणि नोंदवही : फ्लोरेन्स नाइटिंगेल



लसीकरणाच्या दिवशी आपल्या अंगणवाडीत सिस्टरबाई येतात. लसीचा डबा उघडतात, टॅब सुरू करतात. बाळाला सुई टोचायला एक मिनिट पुरतं, पण लिहायला वेळ लागतो. बाळाची जन्मतारीख, वजन, आईचं नाव, मोबाईल नंबर. बाया कंटाळतात. त्यांना खुरपणीला जायचं असतं. मग कुणी जन्मतारीख अंदाजानेच सांगतं, कुणी भलताच नंबर देतं. सुई दिली की झालं, लिहून काय व्हायचंय, असं पुष्कळांना वाटतं. लिहून काय होतं, हे ज्या बाईंनी साऱ्या जगाला दाखवलं, त्यांची पुण्यतिथी १३ ऑगस्टला असते. म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या या अंकात त्यांची माहिती देत आहोत.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लोरेन्स या शहरात झाला. गावाचंच नाव मुलीला ठेवलं. आईवडील इंग्लंडचे, घरची मोठी श्रीमंती. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवले. फ्लोरेन्सला गणिताची फार गोडी होती. मुलीच्या जातीला गणित शिकून काय करायचं, असं आईला वाटे. पण तिने हट्ट सोडला नाही. मुक्या प्राण्यांवरही तिचा जीव होता. एकदा अथेन्स शहरात तिने घुबडाचं एक पिल्लू वाचवलं. त्याचं नाव अथेना ठेवलं आणि खिशात घालून ते सगळीकडे नेलं!

मोठी झाल्यावर तिने आजाऱ्यांची सेवा करायचं ठरवलं. घरात एकच गोंधळ उडाला. त्या काळी नर्सचं काम हलकं समजत. चांगल्या घरची मुलगी त्या कामाला जात नसे. कित्येक वर्षे घरचे नाही म्हणत राहिले, पण तिने लग्न केले नाही आणि विचारही सोडला नाही. शेवटी १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे जाऊन तिने शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमधल्या एका लहान रुग्णालयाचा कारभार तिच्याकडे आला.

त्याच सुमारास रशियाशी युद्ध पेटले. त्याला क्रिमियाचे युद्ध म्हणतात. जखमी इंग्रज सैनिकांना तुर्कस्तानातल्या स्कुतारी गावी आणत. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लोरेन्सबाई ३८ परिचारिकांना घेऊन तिथे पोचल्या. पाहतात तर काय! सैनिक जमिनीवर पडलेले, अंगावर रक्ताने कडक झालेले कपडे, उंदीर फिरताहेत, इमारतीखालची गटारं तुंबलेली. बाईंनी घासायला ब्रश मागवले, कपडे धुवायची सोय केली, स्वयंपाकघर नीट लावलं. रात्री सगळे झोपले की हातात दिवा घेऊन त्या एकेका खाटेजवळून फिरत. आजारी माणसाला त्या दिव्याचाच आधार वाटे. पुस्तकातल्या चित्रात तो दिवा पणतीसारखा दाखवतात. खरा दिवा तुर्की पद्धतीचा, घडी घालता येणारा कंदील होता.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची फारशी कुणी सांगत नाही.

एवढी सेवा करूनही त्या हिवाळ्यात माणसं मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये दवाखान्यात आलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४२ दगावले. मार्च महिन्यात सरकारने पाठवलेले स्वच्छता पथक आले. त्यांनी गटारं उपसली, पाणी स्वच्छ केलं, हवा खेळती केली. जूनपर्यंत १०० मागे मरणारे २ वर आले. म्हणजे दिवा होता, माया होती, औषधही होतं, पण खालचं गटार तुंबलेलं होतं.

युद्ध संपले. १८५६ साली बाई मायदेशी परतल्या. लोक त्यांचा जयजयकार करायला उभे होते. त्यांनी तो टाळला आणि त्या हिशोबाला बसल्या. किती माणसं गेली, कशाने गेली, हे त्यांना पाहायचं होतं. दवाखान्यात नोंदवह्या होत्या, पण एकीतला आकडा दुसरीशी जुळत नव्हता. माणूस मेला तरी त्याची धड नोंद नाही! विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाची मदत घेऊन त्यांनी सगळं पुन्हा मांडलं. तेव्हा दिसलं की तलवारीने आणि गोळीने थोडे मेले. बहुतेक मेले ते हगवण, पटकी, ताप अशा टाळता येण्यासारख्या रोगांनी. आणि सर्वांत जास्त मृत्यू झाले होते स्कुतारीला, त्यांच्या स्वतःच्याच दवाखान्यात. केवढं दुःख झालं असेल! पण त्यांनी ते आकडे झाकून ठेवले नाहीत. उलट सरकारपुढे ठेवले.

आकड्यांचे रकाने पाहून मोठी माणसंही जांभया देतात, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून १८५८ साली त्यांनी आकड्यांचं चित्र काढलं. मध्यावरून फुटलेल्या १२ पाकळ्यांचं एक फूलच म्हणा ना. एक पाकळी म्हणजे एक महिना. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळा रंग एवढा पसरलेला होता की ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. वृत्तालेखाचाच हा जवळचा नातेवाईक. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. ज्या मुलीला गणित शिकून काय करायचं असं म्हटलं होतं, तीच ही!

१८६० साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सची शाळा काढली. सगळ्या दवाखान्यांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येईल, असाही त्यांचा आग्रह होता.

आपल्या देशात त्या कधी आल्या नाहीत. तब्येत बिघडल्यामुळे त्यांचं पुष्कळसं काम अंथरुणावरूनच चाले. पण त्यांनी हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्न पाठवले. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, माणसं कशाने मरतात. उत्तरांचे ढीग वाचून काढले. १८६३ च्या अहवालात दिसलं की इथल्या इंग्रज सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मरत होते. सुधारणा झाल्यावर १८७३ पर्यंत ते प्रमाण १८ वर आले. पुढे इथल्या रयतेचीही त्यांना काळजी लागली. खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

१९०७ साली इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आपल्या देशात १९७३ पासून उत्तम परिचारिकांना त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देतात.

त्यांची नोंदवही आता टॅबमध्ये आणि संगणकात गेली आहे. २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, त्यात आरोग्याची माहिती आणि तंत्रज्ञान हा विषयच आला. नांदेड-लातूरच्या ज्या ताया हे शिक्षण घेतात, त्यांना सुई धरण्याबरोबर नोंदही अचूक करावी लागते. टॅब बनवणारा शहरात असतो. पण कोणत्या बाळाचा डोस चुकला, कोणत्या गरोदर मावशीचं रक्त कमी आहे, हे खाटेजवळ उभी असलेली नर्सच जाणते. तिने भरलं तरच टॅबला काही कळतं.

आणि तिला कोण सांगतं? आपणच. कंधार-मुखेडकडची किती तरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लसीचं कार्ड घरी राहतं, नाही तर पावसात भिजतं. माझ्या मामीचं कार्ड असंच भिजलं, अक्षर पुसलं. बाळाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दिला की नाही, हे कुणालाच आठवेना. आजीने पहिल्या वेळी नंबर बरोबर सांगितला होता, म्हणून सिस्टरबाईंनी नोंद उघडली. डोस राहिला होता. त्याच दिवशी दिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जखमींना लातूर, सोलापूरच्या दवाखान्यांत नेलं. अशा वेळी आपलं माणूस कुठल्या खाटेवर आहे, हे कुणी तरी लिहिलेल्या यादीवरूनच कळतं.

तेव्हा पालकहो, पुढच्या लसीकरणाला सिस्टरबाईंनी विचारलं तर घाई करू नका. जन्मतारीख खरी सांगा, नंबर घरचा सांगा. आणि मित्रांनो, आईला नंबर पाठ नसेल, तर तो कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं काम आपलं.

— इयत्ता ७ वी