विल्यम होगार्थ

विल्यम होगार्थ (१० नोव्हेंबर, इ.स. १६९७ - २६ ऑक्टोबर, इ.स. १७६४) हा इंग्लिश चित्रकार, उत्कीर्णक आणि उपरोधक होता. लंडनच्या नागरी जीवनातील दंभ, लोभ व व्यसने यांचे हास्यकारक दर्शन घडविणाऱ्या चित्रमालिकांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याला इंग्लिश व्यंगचित्रकलेचा जनक मानले जाते. छापील चित्रांना प्रताधिकाराचे संरक्षण देणारा ग्रेट ब्रिटनमधील पहिला कायदा त्याच्या पुढाकाराने संमत झाला. हा कायदा 'होगार्थचा कायदा' या नावाने ओळखला जातो.

जन्म व बालपण

होगार्थचा जन्म लंडनमधील स्मिथफील्ड भागात बार्थोलोम्यू क्लोज येथे झाला. त्याचे वडील रिचर्ड होगार्थ हे लॅटिनचे शिक्षक व शालेय पाठ्यपुस्तकांचे लेखक होते. अध्यापनातून पुरेसे उत्पन्न मिळेना, म्हणून त्यांनी सेंट जॉन्स गेट येथे एक कॉफीगृह काढले. तेथे येणाऱ्यांनी लॅटिनमध्ये संभाषण करावे, अशी त्यांची कल्पना होती. हा उद्योग बुडाला आणि कर्ज न फेडल्याबद्दल रिचर्ड यांना फ्लीट तुरुंगात डांबण्यात आले. कर्जदार कैद्यांच्या सुटकेसाठी झालेल्या कायद्यामुळे इ.स. १७१२ मध्ये ते मुक्त झाले. त्यांनी परिश्रमपूर्वक तयार केलेला लॅटिन शब्दकोश प्रकाशित होऊ शकला नाही. इ.स. १७१८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तक विक्रेत्यांनी दिलेल्या पोकळ आश्वासनांमुळे वडील खचले, अशी होगार्थची धारणा होती आणि ती त्याने आपल्या आत्मचरित्रात्मक टिपणांत नोंदवून ठेवली. बुद्धीने निर्माण करणारा उपाशी राहतो आणि विकणारा श्रीमंत होतो, हा अनुभव त्याला घरातच मिळाला होता.

उमेदवारी व पहिली व्यंगचित्रे

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी होगार्थ चांदीच्या भांड्यांवर नक्षी व कुलचिन्हे कोरणाऱ्या एलिस गँबल याच्याकडे उमेदवारी करू लागला. या कामात त्याचे मन रमले नाही, परंतु धातूवर रेषा कोरण्याचे कसब त्याने येथेच आत्मसात केले. इ.स. १७२० मध्ये त्याने स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. 'साउथ सी' कंपनीच्या समभागांच्या सट्ट्यात हजारो लोकांचे नुकसान झाले होते. त्या प्रकरणावरील त्याचे चित्र हे त्याच्या सुरुवातीच्या उपरोधिक चित्रांपैकी एक होय.

इ.स. १७२४ मध्ये त्याने 'मास्करेड्स अँड ऑपेराज' हे चित्र स्वतःच छापून विक्रीस काढले. परदेशी गायक, मुखवट्यांचे नाच आणि जादूचे खेळ यांमागे धावणाऱ्या लंडनकरांची त्यात थट्टा होती. चित्र लोकप्रिय होताच त्याच्या नकला बाजारात आल्या आणि दुकानांतून अर्ध्या किमतीत विकल्या जाऊ लागल्या. होगार्थने विक्रीसाठी दिलेल्या मूळ प्रती मात्र दुकानदारांनी त्याला परत केल्या. चित्रे विकण्यासाठी या दुकानांखेरीज दुसरी जागा नव्हती. त्यामुळे नकला करणारे देतील त्या किमतीला मूळ पत्रा विकून टाकणे त्याला भाग पडले.

या प्रसंगातून हास्यचित्राच्या व्यवसायातील एक मूलभूत अडचण स्पष्ट होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरण्यास कौशल्य व वेळ लागत असला, तरी अशा चित्राचे खरे मोल त्यातील कल्पनेत असते. विनोद सुचण्यास बुद्धी लागते. एकदा तो कागदावर उतरला की मध्यम कुवतीचा कारागीरही त्याची नक्कल करू शकतो आणि प्रेक्षकाला त्या नकलेतही हसू येते. पुस्तकांच्या लेखकांना इ.स. १७१० च्या ॲन राणीच्या कायद्याने संरक्षण मिळाले होते, परंतु चित्रे त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती.

चित्रमालिका आणि चोरट्या आवृत्त्या

इ.स. १७२९ मध्ये होगार्थने राजचित्रकार सर जेम्स थॉर्नहिल यांची कन्या जेन हिच्याशी तिच्या वडिलांच्या संमतीविना विवाह केला. याच सुमारास तो तैलरंगात कौटुंबिक समूहचित्रे रंगवू लागला. पुढे त्याने चित्रांतून क्रमवार कथा सांगण्याची पद्धत विकसित केली. 'अ हार्लट्स प्रोग्रेस' (एका वेश्येची वाटचाल) ही सहा चित्रांची मालिका त्याने प्रथम रंगवली आणि नंतर तिची उत्कीर्णने इ.स. १७३२ मध्ये प्रसिद्ध केली. खेड्यातून लंडनला आलेली एक तरुणी कुंटणखाना चालविणाऱ्या स्त्रीच्या जाळ्यात सापडते आणि तुरुंगवास व आजार भोगून तरुणपणीच मरण पावते, अशी ही कथा आहे. चित्रांतील काही पात्रे तत्कालीन लंडनमधील कुप्रसिद्ध व्यक्तींवर बेतलेली असल्याने प्रेक्षक ती सहज ओळखत.

दुकानदारांना टाळण्यासाठी होगार्थने ही मालिका वर्गणी घेऊन थेट ग्राहकांना विकली. एका संचाची किंमत एक गिनी होती आणि वर्गणीदारांची संख्या हजाराहून अधिक झाली. तथापि चोरट्या आवृत्त्या लवकरच निघाल्या. मालिकेतील दृश्ये पंख्यांवर व पेल्यांवर झळकली आणि तिच्या आधारे रंगभूमीवर मूकनाट्यही सादर झाले. होगार्थची कीर्ती घरोघरी पोहोचली, परंतु या नकलांतून होणारी मिळकत इतरांच्या खिशात गेली.

इ.स. १७३५ चा कायदा

पुढील मालिका 'अ रेक्स प्रोग्रेस' (एका उधळ्याची वाटचाल) तयार होत असताना होगार्थने वेगळा मार्ग पत्करला. जॉर्ज व्हर्च्यू, जॉर्ज लॅंबर्ट, जॉन पाइन, आयझॅक वेअर आदी सहकाऱ्यांसह त्याने संसदेकडे अर्ज केला. नक्कल करणाऱ्यांमुळे कलावंतांची कशी दैना होते, हे मांडणारी एक पुस्तिकाही त्यासाठी प्रसिद्ध करण्यात आली. कायद्याचा मसुदा होगार्थचा स्नेही विल्यम हगिन्स याने ॲन राणीच्या कायद्याच्या धर्तीवर तयार केला. मे १७३५ मध्ये त्यास राजमान्यता मिळाली आणि २४ जून १७३५ पासून तो अमलात आला.

या कायद्यानुसार स्वतः कल्पना करून चित्र रेखाटणाऱ्या व कोरणाऱ्या कलावंतास प्रकाशनाच्या दिवसापासून १४ वर्षे चित्र छापण्याचा व विकण्याचा अनन्य हक्क मिळाला. त्यासाठी प्रत्येक पत्र्यावर व छापील प्रतीवर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचे नाव कोरणे आवश्यक होते. नक्कल करणाऱ्याचे पत्रे व प्रती जप्त होत आणि सापडलेल्या प्रत्येक प्रतीमागे त्याला ५ शिलिंग दंड होई. मूळ रचनेत थोडा बदल करून, काही भर घालून वा काही वगळून केलेली नक्कलही निषिद्ध ठरविण्यात आली. चित्रातील एखादी आकृती बदलून ते आपलेच असल्याचे भासविण्याची विक्रेत्यांची पळवाट यामुळे बंद झाली.

कायदा अमलात येईपर्यंत होगार्थने नव्या मालिकेचे प्रकाशन रोखून धरले. या काळात काही विक्रेत्यांनी वर्गणीदार असल्याच्या बहाण्याने आपली माणसे त्याच्या घरी पाठवली. त्यांनी तेथे मांडलेली चित्रे पाहिली आणि केवळ स्मरणाच्या आधारे त्यांच्या ओबडधोबड नकला तयार झाल्या. या नकला मूळ मालिकेच्या आधीच बाजारात आल्या. होगार्थने वृत्तपत्रांत जाहिरात देऊन ग्राहकांना सावध केले आणि कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ जून १७३५ रोजी, आपली मालिका प्रसिद्ध केली. टॉमस बेकवेल या विक्रेत्याला त्याने लहान आकाराच्या स्वस्त प्रती काढण्याची अनुमती दिली. केवळ कायद्यावर विसंबून न राहता स्वस्त पण अधिकृत प्रत उपलब्ध करून देणे, हाही चोरट्या बाजारावरील उपाय त्याने योजला.

या मालिकेत कंजूष पित्याची संपत्ती उधळणारा टॉम रेकवेल आठ चित्रांतून अधोगतीला जातो. सातव्या चित्रात तो फ्लीट तुरुंगात कर्जदार कैदी म्हणून दिसतो. होगार्थच्या वडिलांनी हाच तुरुंग भोगला होता. अखेरच्या चित्रात तो बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. मूळ तैलचित्रे लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत.

कायद्यानंतरचे कार्य

हक्क सुरक्षित झाल्यामुळे होगार्थला श्रीमंत आश्रयदात्यांवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. ज्यांची थट्टा करायची त्यांच्याच मेहेरबानीवर जगणाऱ्या उपरोधकाला जे स्वातंत्र्य मिळत नाही, ते त्याला हजारो छोट्या ग्राहकांनी दिले. उच्चवर्गातील पैशाच्या विवाहांवरील 'मॅरेज आ-ला-मोड' (१७४५), उद्योगी व आळशी अशा दोन उमेदवारांची तुलना करणारी 'इंडस्ट्री अँड आयडलनेस' (१७४७) आणि निवडणुकीतील भ्रष्टाचारावरील चार चित्रांची मालिका या त्याच्या पुढील महत्त्वाच्या कृती होत. इ.स. १७५१ मधील 'बिअर स्ट्रीट' व 'जिन लेन' ही चित्रे सामान्यांना परवडावीत म्हणून त्याने त्यांची किंमत प्रत्येकी १ शिलिंग ठेवली. त्याच वर्षी जिन या मद्याच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला.

निवडणूक मालिकेच्या वर्गणी-पावतीवर त्याने राजमुकुट व सत्तेची अन्य चिन्हे रेखाटून इ.स. १७३५ च्या कायद्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली. कॅप्टन टॉमस कोरम यांनी अनाथ बालकांसाठी स्थापन केलेल्या फाउंडलिंग हॉस्पिटलचा तो विश्वस्त होता. इ.स. १७५३ मध्ये त्याने 'द ॲनालिसिस ऑफ ब्यूटी' हा सौंदर्यविषयक ग्रंथ लिहिला आणि इ.स. १७५७ मध्ये त्याची राजचित्रकार म्हणून नेमणूक झाली.

विडंबन आणि नक्कल

होगार्थ स्वतः इतरांच्या चित्रांचे विडंबन करीत असे. बायबलमधील संत पॉलच्या प्रसंगावर त्याने एक गंभीर चित्र रंगवले होते. त्याच्या छापील आवृत्तीच्या वर्गणीदारांना पावती म्हणून त्याने त्याच प्रसंगाचे हास्यास्पद रूप दिले. त्यात रेम्ब्रांटच्या शैलीचे अंधानुकरण करणाऱ्यांची खिल्ली उडवली होती. जुन्या युरोपीय चित्रांच्या आयात नकलांना भुलणारे संग्राहक हे त्याचे आवडते लक्ष्य होते. पुढे पॉल सँडबी या तरुण चित्रकाराने त्याच्या सौंदर्यविषयक ग्रंथाची टवाळी करणारी चित्रे काढली आणि होगार्थलाही हास्याचा विषय व्हावे लागले.

या उदाहरणांतून विडंबन व नक्कल यांतील भेद दिसून येतो. मूळ कृती ओळखली गेल्याशिवाय विडंबनाचा विनोद पूर्ण होत नाही, तर चोरट्या नकलेला मूळ कर्ता विसरला गेल्यानेच लाभ होतो. इ.स. १७३५ च्या कायद्याने रोख धरला तो चित्राच्या रचनेची नक्कल करून विकणाऱ्यांवर. एखाद्याच्या शैलीची वा मतांची थट्टा करणे हा त्या कायद्याचा विषय नव्हता.

कायद्याच्या मर्यादा

कायद्याचा मसुदा काहीसा सैल होता. त्याचे संरक्षण स्वतः चित्र कल्पिणाऱ्या कलावंतापुरते आहे, त्याच्याकडून हक्क विकत घेणाऱ्यास दावा लावता येत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यामुळे हक्क विकून योग्य मोबदला मिळविणे कलावंतांना अवघड झाले. दुसऱ्याच्या तैलचित्रावरून उत्कीर्णन करणाऱ्या कारागिरांनाही या कायद्याचा आधार नव्हता.

अखेरची वर्षे

इ.स. १७६२ मध्ये सरकारची बाजू घेणारे एक राजकीय चित्र काढल्यामुळे होगार्थचे जुने मित्र जॉन विल्क्स व कवी चार्ल्स चर्चिल त्याचे विरोधक बनले. विल्क्सने नियतकालिकातून, तर चर्चिलने दीर्घ काव्यातून त्याच्यावर प्रखर हल्ला चढवला. होगार्थने विल्क्सचे तिरळ्या डोळ्यांचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध केले. चर्चिलला उत्तर देण्यासाठी त्याने स्वतःच्या जुन्या आत्मचित्राचा पत्रा घेतला, त्यातील आपला चेहरा घासून पुसला आणि त्या जागी पाद्र्याच्या वेशातील अस्वल कोरले. शेजारी बसलेला त्याचा पाळीव कुत्रा मात्र तसाच राहिला.

या वादाच्या काळात त्याची प्रकृती ढासळली. २६ ऑक्टोबर १७६४ रोजी लंडनमधील लेस्टर फील्ड्स येथील घरी त्याचे निधन झाले. चिझिक येथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. समाधीवरील ओळी त्याचा मित्र व ख्यातनाम नट डेव्हिड गॅरिक याने रचल्या आहेत.

होगार्थला अपत्य नव्हते. त्याच्यामागे पत्नी जेनचा उदरनिर्वाह मुख्यतः कोरलेल्या पत्र्यांवर चालत होता आणि अनेक चित्रांवरील १४ वर्षांची मुदत संपलेली होती. इ.स. १७६७ मध्ये संसदेने नवा कायदा करून संरक्षणाची मुदत २८ वर्षे केली आणि दुसऱ्याच्या चित्रावरून केलेल्या उत्कीर्णनांनाही संरक्षण दिले. याच कायद्यात जेन होगार्थचा नावानिशी उल्लेख करून पतीच्या चित्रांवरील अनन्य हक्क तिला आणखी २० वर्षे देण्यात आला. त्या आधारे ती लेस्टर फील्ड्सच्या घरातून चित्रांची विक्री करीत राहिली. इ.स. १७८९ मध्ये तिचे निधन झाले.

वारसा

जेम्स गिलरे व टॉमस रोलंडसन या पुढील पिढीतील व्यंगचित्रकारांनी होगार्थची परंपरा राजकीय व सामाजिक चित्रांत पुढे नेली. हास्यचित्र या अर्थाने 'कार्टून' हा शब्द इ.स. १८४३ मध्ये 'पंच' या लंडनच्या साप्ताहिकामुळे रूढ झाला. चित्रांच्या प्रताधिकाराचे तत्त्व ब्रिटिश कायद्यांद्वारे भारतातही आले. भारताच्या इ.स. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत रेखाचित्रांबरोबर उत्कीर्णनांचाही समावेश आहे. चिझिक येथील होगार्थचे घर इ.स. १९०४ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.