एडिसनने परत घेतलेली बॅटरी आणि तुमच्या खिशातला सेल

थॉमस अल्वा एडिसन म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो. शोध लावणाऱ्या माणसाचं उदाहरण म्हणून त्याचं नाव इतकं रुळलंय की मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनाही त्यांच्या शोधांमुळे लोक भारताचे एडिसन म्हणायचे. पण बल्बच्या गडबडीत एक गोष्ट मागे राहते. एडिसनला सगळ्यात जास्त दमवलं ते बल्बने नाही, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीने. त्या एका वस्तूवर त्याची जवळपास दहा वर्षं गेली.

मी मुलुंडला राहतो आणि फोन, चार्जर, पॉवर बँक यांवर लिहितो. सध्या मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते सुट्या लिथियम सेलबद्दल. टॉर्चला कोणता घालू, जुन्या लॅपटॉपमधले चालतील का, आणि अधूनमधून दबक्या आवाजात, व्हेपमध्ये कोणता टाकायचा? व्हेपचं आधीच सांगून टाकतो. २०१९ च्या कायद्याने आपल्या देशात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं बंद आहे. त्यामुळे घेऊ का, या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असंच आहे. पण ज्याच्याकडे असं यंत्र आधीच आहे, तो आपल्यासोबत त्याच लोकलमध्ये उभा असतो. त्याच्या खिशातला सेल पेटला तर शेजारचाही भाजतो. आणि तेच सेल टॉर्चमध्ये, ट्रिमरमध्ये, पॉवर बँकेतही असतात. म्हणून सेलबद्दल बोलायलाच हवं.

त्यासाठी एडिसनचं आयुष्य कामाला येतं. बॅटरीच्या बाबतीत माणसं ज्या चुका करतात, त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या आयुष्यात एकामागून एक घडून गेल्यात.

चालत्या ट्रेनमधली प्रयोगशाळा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. पुढे घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. बाराव्या वर्षी हा मुलगा ग्रँड ट्रंक रेल्वेच्या गाडीत वर्तमानपत्रं आणि गोळ्या-चॉकलेटं विकायला लागला. आपल्याकडे लोकलमध्ये विक्री करणारी पोरं असतात, तसाच. फरक इतकाच की याने सामानाच्या डब्यात रसायनांच्या बाटल्या मांडून छोटी प्रयोगशाळाच थाटली होती.

एक दिवस फॉस्फरसची कांडी खाली पडली आणि डब्याने पेट घेतला. आग विझवली गेली, पण गार्डने पोराला सामानासकट गाडीतून उतरवलं. प्रयोग वाईट नव्हता, जागा चुकीची होती. हलणारा डबा, बंद जागा, आजूबाजूला माणसं आणि सामान.

आज सकाळी साडेआठला घाटकोपर स्टेशनच्या जिन्यावर जी गर्दी असते, त्यातल्या प्रत्येक खिशात एक तरी लिथियम बॅटरी असते. फोनमधली बॅटरी बंदिस्त असते, तिला संरक्षण देणारं सर्किट असतं. सुटा सेल मात्र तसाच खिशात पडलेला असेल, तर तिथे किल्ल्या आणि नाणीही असतात. किल्लीने सेलची दोन्ही टोकं जोडली की शॉर्ट सर्किट होतं, काही सेकंदांत सेल तापतो आणि आतून पेटू शकतो. खिशात पेट घेतलेल्या सेलच्या बऱ्याच घटनांमागे हेच कारण असतं. उपाय स्वस्त आहे: सेल ठेवायची प्लास्टिकची डबी. सुटा सेल डबीबाहेर फिरायला नेऊच नका.

साहेबाच्या टेबलावर ऍसिड

पुढे एडिसन तारेचं काम शिकला. १८६७ मध्ये लुईव्हिल शहरात तो तारऑफिसात रात्रपाळी करायचा. रात्रपाळी मुद्दाम मागून घेतलेली, म्हणजे वाचायला आणि प्रयोग करायला वेळ मिळतो. एका रात्री शिशाच्या बॅटरीशी खेळताना गंधकाचं ऍसिड सांडलं. ते लाकडी फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर, थेट साहेबाच्या टेबलावर गळलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

त्यानंतर त्याचं आयुष्य झपाट्याने बदललं. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये टिकाऊ बल्ब, मग वीज पुरवणाऱ्या कंपन्या. १८८७ मध्ये वेस्ट ऑरेंजला मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. पण बॅटरीतलं ऍसिड त्याच्या डोक्यातून गेलं नसावं, कारण पन्नाशी ओलांडल्यावर तो पुन्हा त्याच विषयाकडे वळला.

धंदा चालू असताना माल परत

तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारी बऱ्यापैकी धावत होत्या. हो, शंभर वर्षांपूर्वी! त्यांच्यात शिसं आणि ऍसिडची बॅटरी असायची: जड, आणि आतलं ऍसिड धातू खाणारं. एडिसनला ऍसिड नको होतं. त्याने निकेल, लोखंड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं अल्कधर्मी द्रावण घेऊन बॅटरी बनवायला घेतली. त्याच वाटेवर स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर त्याच्या आधीपासून काम करत होता. १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी त्यानेच केली. म्हणजे ही कल्पना एकट्या एडिसनची नव्हती, आणि पेटंटवरून दोघांत भांडणंही झाली.

१९०१ मध्ये एडिसनने बॅटरीची कंपनी काढली आणि थोड्याच काळात माल बाजारात आला. जाहिरात जोरात, मागणीही चांगली. मग तक्रारी यायला लागल्या. डबे गळत होते, आणि काही महिन्यांनी बॅटरीची ताकद कमी होत होती.

इथे एडिसनने जे केलं त्यासाठी मी त्याला मानतो. गिऱ्हाईक अजून मागत असताना त्याने १९०४ च्या सुमारास उत्पादन थांबवलं, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगाला बसला. नुकसान मोठं होतं. गळणारी बॅटरी विकत राहणं त्याला सहज जमलं असतं.

हीच गोष्ट २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ बाबत दिसली. बॅटऱ्या पेटायला लागल्यावर कंपनीने फोन परत मागवले. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ते मॉडेलच बंद केलं. दोन वेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष निघाले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होऊ शकतं, तर दोष कोणाच्याही मालात निघू शकतो. प्रश्न असा की दोष निघाल्यावर माल परत घ्यायला कोणी आहे का?

अंधेरी स्टेशनबाहेर मी एकदा एका स्टॉलवर लाल वेष्टनाचा सेल उचलून पाहिला. त्यावर ९९०० एमएएच छापलेलं होतं. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. तो सेल १८६५० मापाचा होता, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. शेवटचं शून्य तो नळीसारखा गोल असल्याची खूण. या मापात नामांकित कंपन्यांचे चांगले सेलही साधारण ३५००-३६०० एमएएचच्या आसपासच असतात. म्हणजे ९९०० हा आकडाच सांगतो की माल खोटा आहे. अशा वेष्टनाखाली बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, थकलेला सेल असतो.

पाच वर्षं आणि चिमूटभर लिथियम

माल परत घेतल्यावर एडिसनला नवी बॅटरी आणायला १९०९ उजाडलं. या काळात प्रयोग हजारोंनी झाले. निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे करून ते पोलादी नळ्यांत ठासले. बॅटऱ्यांना मुद्दाम धक्के दिले जायचे, प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्या खाली टाकून बघायचे, असंही सांगतात. आणि ताकद वाढावी म्हणून द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातलं. आपल्या फोनची बॅटरी ज्या लिथियमवर चालते, ते एडिसनच्या बॅटरीत असं चिमटीने येऊन गेलेलं.

तयार झालेली बॅटरी दणकट निघाली. जास्त चार्ज झाली तरी चालेल, पूर्ण उतरली तरी चालेल, वर्षानुवर्षं पडून राहिली तरी चालेल. आपला लिथियम-आयन सेल याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. कमी वजनात पुष्कळ ऊर्जा देतो, पण मर्यादा ओलांडलेली त्याला खपत नाही. पूर्ण चार्ज म्हणजे सहसा ४.२ व्होल्ट. त्याच्या वर गेला, फार खाली उतरला, चेपला किंवा आतून शॉर्ट झाला, तर तो तापतो, त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणखी वाढते, आणि मग ती थांबवता येत नाही.

पाणबुडीतला स्फोट

एडिसनची बॅटरी इतकी चांगली होती, तर मग सगळं सुरळीत झालं असेल? नाही. अमेरिकन नौदलाने ती ई-२ नावाच्या पाणबुडीत बसवली. चार्ज होताना आणि उतरताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. १५ जानेवारी १९१६ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन गोदीत, पाणबुडी दुरुस्तीला असताना, बॅटऱ्या उतरवण्याचं काम चालू होतं. आत हायड्रोजन साठला आणि स्फोट झाला. माणसं मेली. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवण्याचा, यावर कंपनी आणि नौदल यांच्यात वाद झाला. मेलेल्यांना त्या वादाचा काही उपयोग नव्हता.

दणकट बॅटरीसुद्धा चुकीच्या यंत्रात, चुकीच्या परिस्थितीत घातक होते. सेल निवडताना म्हणूनच यंत्र किती करंट ओढतं ते आधी बघायचं. हिशेब शाळेतलाच आहे: व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. व्हेपमधल्या तारेचा रेझिस्टन्स ०.२ ओहम असेल आणि सेल पूर्ण भरलेला असेल, तर ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर. टॉर्चसाठी बनवलेला, ८-१० अँपिअर सतत देणारा सेल तिथे घातला तर तो भट्टी होणारच. लक्षात ठेवा, जास्त एमएएच म्हणजे जास्त वेळ टिकणारा. जास्त करंट देणारा नव्हे. बऱ्याचदा हे दोन आकडे एकमेकांच्या उलट जातात. आणि ज्या यंत्रात संरक्षण देणारं सर्किटच नाही, तिथे चूक सावरायला कोणी नसतं.

आता तुमचं काम

घेताना आणि वापरताना मी स्वतः हे पाळतो:

१. पॉवर बँक किंवा बॅटरीवर बीआयएसची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर ऍपवर तो टाकून तपासता येतो. नाव जुळलं नाही तर घेऊ नका.

२. सेलचं प्लास्टिक वेष्टन फाटलं असेल तर वापरू नका. वेष्टनाखालचं सगळं कवच ऋण टोक असतं, आणि धन टोक त्याच्या अगदी जवळ असतं.

३. दोन सेलच्या यंत्रात एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले सेल वापरा. जुना-नवा मिसळू नका.

४. लिथियमसाठी बनवलेलाच चार्जर वापरा. उशीखाली, गादीवर किंवा आपण झोपेत असताना चार्जिंग नको.

५. फुगलेली, चेपलेली किंवा विचित्र वास येणारी बॅटरी टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

६. विमानात पॉवर बँक आणि सुटे सेल हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात कधीच नाही.

७. सेलमधून धूर यायला लागला तर हातात धरून बसू नका. खाली टाका, लोकांना लांब करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. लहान बॅटरी पेटली असेल आणि ती प्लगला जोडलेली नसेल, तर भरपूर पाणी ओतून ती थंड करता येते. रेल्वेत असाल तर १३९, बाहेर अग्निशमन दलासाठी १०१.

शेवटी काय राहिलं

ज्या मोटारींसाठी एडिसनने ही खटपट केली, त्या पेट्रोलच्या गाड्यांपुढे टिकल्या नाहीत. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली, स्वस्त होत गेली, आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. एडिसनची बॅटरी मात्र संपली नाही. रेल्वेचे सिग्नल, मालवाहू गाड्या, खाणकामगारांच्या डोक्यावरचे दिवे, जिथे भरवसा लागतो तिथे ती पोचली. खाणीत उघड्या ज्योतीने वायू पेटायचा, तिथे हा दिवा माणसं वाचवणारा ठरला. १८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन गेला. त्याच्या बॅटरीचं अमेरिकेतलं उत्पादन १९७५ पर्यंत चालू होतं.

जिने पाणबुडीत जीव घेतले, तिच्याच कुळातल्या बॅटरीने खाणीत जीव वाचवले. रसायन तेच, निवड आणि हाताळणी वेगळी. बोरिवलीच्या फास्ट लोकलमध्ये तुमच्या पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या बॅगेत कोणता सेल आहे हे कळायचा मार्ग नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. तेव्हा आज घरी गेल्यावर ड्रॉवर उघडा, सुटे सेल बाहेर काढा, प्रत्येकाचं वेष्टन आणि नाव बघा. ज्याचं नाव-गाव नाही, तो आजच बाजूला काढा.