विस्मरणावर कागदाचा उपाय

मालवण तालुक्यातील मसुरे गावात माड, आंबा, काजू ओळखायला कुणाला पुस्तक लागत नाही. पण या झाडांची कोकोस न्यूसिफेरा, मँजिफेरा इंडिका आणि अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले ही शास्त्रीय नावे ज्यांनी १७५३ मध्ये आपल्या ग्रंथात नोंदवली, ते कार्ल लिनिअस भारतात कधीच आले नव्हते.

लिनिअस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडनमधील एका खेड्यात झाला. जग त्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ओळखते. शिक्षणाने मात्र ते डॉक्टर होते. १७३५ मध्ये हॉलंडमध्ये त्यांनी हिवतापाच्या कारणांवर प्रबंध लिहून पदवी मिळवली. पाण्यातील मातीच्या कणांमुळे हा ताप येतो, हा त्यांचा तर्क चुकीचा ठरला. पुढे स्टॉकहोममध्ये त्यांनी रुग्ण तपासले आणि १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक झाले.

त्यांची खरी अडचण होती माहितीच्या पुराची. शिष्य दूरदेशी जाऊन नमुने पाठवत. जुने ग्रंथही चाळावे लागत. त्यांत ‘हॉर्टस मलबारिकस’ हा केरळच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ होता. त्यासाठी इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी माहिती दिली होती. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेले आहे.

एवढी माहिती बांधील वहीत मावेना. दोन वनस्पतींच्या मध्ये तिसरी घालायची तर पानावर जागाच नसे. लिनिअस यांनी आपल्या छापील पुस्तकांत मध्ये मध्ये कोरी पाने बांधून घेतली; तीही भरली. अखेर १७६० च्या दशकात त्यांनी सारख्या आकाराच्या, सुमारे १३ बाय साडेसात सेंटिमीटरच्या चिठ्ठ्या वापरायला सुरुवात केली. एका चिठ्ठीवर एकच विषय. नवी माहिती आली की नवी चिठ्ठी योग्य जागी ठेवायची, वर्गीकरण बदलले की क्रम बदलायचा. ग्रंथालयांत आणि दवाखान्यांत पुढे रुळलेल्या कार्डांचे हे पूर्वरूप.

१७७४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १७७६ मधील दुसऱ्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडली आणि स्मरणशक्तीही गेली. हजारो जीवांना नावे देणाऱ्या या माणसाला स्वतःचे नाव आठवेना. स्वतःचीच पुस्तके समोर धरली, तर ती कुणा दुसऱ्याची समजून ते कौतुकाने पाहत, असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची पुस्तके, नमुने आणि कागदपत्रे १७८४ मध्ये एका तरुण इंग्रज अभ्यासकाने विकत घेतली. आज ती लंडनच्या लिनियन सोसायटीत आहेत.

त्या काळी पक्षाघातावर उपचार नव्हते. आज आहेत, मात्र त्यांना वेळेची मर्यादा आहे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मसुऱ्याहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचण्याचा वेळही त्यातच मोजायचा.

अशा वेळी रुग्ण स्वतः काही सांगू शकेलच असे नाही, आणि घरचेही गोंधळलेले असतात. म्हणून रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी लिनिअस यांच्या चिठ्ठीएवढे एक कार्ड खिशात ठेवावे. त्यावर आजार, रोजची औषधे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, एवढे लिहावे. औषध बदलले की कार्डही बदलावे. झटका आल्यास, रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता ती वेळ घरच्यांनी त्याच कार्डावर लिहावी. डॉक्टर ती सर्वांत आधी विचारतात.