मधुमेह्यांचे मधुमेही वैद्य : डॉ. रॉबिन लॉरेन्स

त्रैराशिकाचा तास आला की आम्हां विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. अमुक रुपयांस अमुक आंबे, तर तमुक रुपयांस किती, ही उदाहरणे सोडवून पुढे कोणता लाभ व्हावयाचा, असे आम्हांस वाटत असे. परंतु हेच साधे गणित ज्यांनी रोग्याच्या ताटापाशी आणून ठेविले, त्या डॉ. लॉरेन्स यांचे चरित्र अवलोकिल्यापासून आमची ती शंका पार मावळली. तेच येथे थोडक्यात सादर करितो.

रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1892 रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन नगरात झाला. त्यांचे वडील ब्रश तयार करविण्याचा व्यवसाय करीत. प्रथम वाङ्मयाची पदवी घेऊन ते लंडनास काकांच्या कापडाच्या दुकानात राहिले; परंतु त्या धंद्यात त्यांचे मन रमेना. ते घरी परतले व वैद्यकाचा अभ्यास करून 1916 साली पदवीधर झाले. पुढे सैन्यातील वैद्यकीय पथकात त्यांनी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर सेवा केली. 1919 साली आमांशाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांस मायदेशी परतावे लागले. नंतर लंडन येथील किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते शस्त्रवैद्याचे काम करू लागले.

उत्कर्षाचा मार्ग असा मोकळा झाला असतानाच दैवाने घाला घातला. 1920 साली मृत शरीरावर कानामागील हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करीत असता हाडाची एक कपची उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा चिघळला, दृष्टी अधू झाली आणि शस्त्रवैद्य होण्याची आशा संपली. त्याच दुखण्यात त्यांस मधुमेह असल्याचे आढळून आले. त्या काळी या वयातील मधुमेह म्हणजे मृत्यूचे बोलावणेच होय. अन्न तोडून रोग्यास अर्धपोटी ठेवावयाचे व मरण काही काळ लांबवावयाचे, याहून अधिक कोणाच्याही हाती नव्हते.

आपले मरण घरच्या माणसांस पाहावे लागू नये म्हणून लॉरेन्स इटलीतील फ्लॉरेन्स नगरी जाऊन राहिले आणि तेथेच थोडाफार वैद्यकीचा व्यवसाय करू लागले. इकडे 1921 व 1922 साली कॅनडातील टोरांटो येथे बॅंटिंग, बेस्ट, मॅक्लाउड व कॉलिप यांच्या परिश्रमांनी इन्शुलिन हाती आले होते. 1923 च्या मे महिन्यात लॉरेन्स अगदी क्षीण झाले असता, किंग्ज कॉलेज रुग्णालयातील त्यांचे स्नेही डॉ. हॅरिसन यांनी कळविले की, इन्शुलिन गुणकारी आहे, तत्काळ परत यावे. तो दूरचा प्रवास कसाबसा करून ते लंडनास पोहोचले, आणि 31 मे 1923 रोजी त्यांस पहिली सुई टोचण्यात आली. मरावयास गेलेला मनुष्य जगावयास परतला!

परंतु इन्शुलिन हे दुधारी शस्त्र आहे. मात्रा कमी पडल्यास रक्तातील साखर वाढते. अधिक झाल्यास ती एकाएकी उतरून घाम सुटतो, हातपाय कापतात, प्रसंगी शुद्धही हरपते. म्हणून सुई व ताट यांचा मेळ बसलाच पाहिजे. लॉरेन्स यांनी अन्नाचे काळे व तांबडे असे दोन वाटे कल्पिले. प्रत्येक काळ्या वाट्यात 10 ग्रॅम कर्बोदके. प्रत्येक तांबड्यात साडेसात ग्रॅम प्रथिने व 9 ग्रॅम स्निग्ध द्रव्य. पाव नको असल्यास त्याऐवजी बटाट्याचा किंवा दुधाचा तेवढ्याच मोलाचा वाटा घ्यावा. अशा रीतीने रोग्यास पथ्यही पाळता आले आणि निवडीचे सुखही लाभले. 1925 साली त्यांनी 'द डायबेटिक लाइफ' हा ग्रंथ लिहिला. व्यायामाने इन्शुलिनचा प्रभाव वाढतो, हेही त्यांनी 1926 साली दाखवून दिले.

त्या काळी मात्रा आधी ठरे व जेवण तिच्या मापाने बेतावे लागे. आज जेवणातील कर्बोदके मोजून त्यांवरून मात्रा काढण्याची रीत आहे. समजा, एखाद्यास 10 ग्रॅम कर्बोदकांस 1 युनिट इन्शुलिन लागते. तर 60 ग्रॅमच्या जेवणास किती? उत्तर 6 युनिट. हे उदाहरण सोपे; परंतु त्यातील पहिले प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते, आणि एकाच मनुष्याचे सकाळी एक तर रात्री दुसरे असू शकते. जेवणापूर्वीच्या व नंतरच्या रक्तशर्करेची टिपणे कित्येक दिवस पाहून वैद्य ते ठरवितात. म्हणून आमच्या या आकड्यांवरून कोणीही आपली मात्रा ठरवू नये.

1934 साली लॉरेन्स यांनी, स्वतः मधुमेही असलेले विख्यात ग्रंथकार एच. जी. वेल्स यांच्या सहकार्याने मधुमेह्यांची संस्था स्थापिली. 1950 साली आंतरराष्ट्रीय मधुमेह संघ निघाला, त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांसच मिळाले. इन्शुलिनच्या आधाराने पंचेचाळीस वर्षे जगून 27 ऑगस्ट 1968 रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले.

रोग्याने वैद्याच्या तोंडाकडे केवळ पाहत न बसता आपली प्रकृती आपण जाणून घ्यावी, हीच त्यांची शिकवण होय. आमच्या वर्गातही एखादा सोबती जेवणापूर्वी सुई टोचून घेत असेल. त्याच्याकडे कुतूहलाने टक लावून पाहू नये, की त्याची कीवही करू नये. जे त्रैराशिक आम्ही आठवड्यातून दोनदा कुरकुरत सोडवितो, ते तो दररोज तीन वेळा सोडवितो, आणि त्यात चूक करण्याची मुभा त्यास नाही, एवढे आम्ही ध्यानी ठेवावे.