डिझेलचा अपुरा हिशेब

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील अनेक गावे निम्मी रिकामी होतात. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन ऊसतोड कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरने कारखान्यांकडे निघतात. ज्या इंजिनाच्या बळावर ही वाहने धावतात त्याच्या जनकाचे नाव आपण रोज घेतो. मात्र ते एका माणसाचे नाव आहे, हे आपल्या ध्यानीही नसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 1858 साली पॅरिसमध्ये एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. 1870 च्या युद्धाने कुटुंब लंडनला फेकले गेले आणि मुलाची रवानगी ऑग्सबर्गला नातलगांकडे झाली. पुढे म्युनिकमध्ये प्राध्यापक लिंडे यांच्या हाताखाली शिकताना त्यांना उमगले, की वाफेच्या इंजिनात कोळशाची नव्वद टक्के उष्णता वायाच जाते. ही उधळपट्टी त्यांना आयुष्यभर सलत राहिली. हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापते, की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते, या तत्त्वावर त्यांनी यंत्र रचले. 1893 च्या पहिल्या चाचणीत दाबमापक फुटला. 1897 साली मात्र सुमारे 26 टक्के उष्णता कामी लागली. छोट्या कारागिराला मोठ्या कारखानदारासमोर उभे राहता यावे, हा त्यांचा मूळ हेतू. यंत्र गेले जहाजांत आणि पाणबुड्यांत!

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालले. वनस्पतिजन्य इंधनाला भवितव्य आहे, असे ते पुढे सांगत राहिले. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री, कर्जाने खचलेल्या अवस्थेत, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले.

डिझेल यांचा हिशेब सिलिंडरपुरता होता. भुईमुगाच्या रानाला लागणारे पाणी त्यात नव्हते. आपणही तीच चूक करीत आहोत. 2025 साली देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. हे इंजिन डिझेलचे नव्हे, पण प्रश्न तोच आहे. ऊस वाढताना हवेतील कार्बन शोषतो, हे खरे. परंतु त्याचे पाणी, खत, वाहतुकीचे डिझेल आणि तोडणाऱ्याचे श्रम जमेस धरल्यावाचून इंधनाला स्वच्छ म्हणणे घाईचे ठरेल. साखरेनंतर उरलेल्या मळीचे इथेनॉल एक, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात खास इंधनासाठी लावलेल्या उसाचे दुसरे. सरकारी दरपत्रकात या दोहोंना वेगवेगळे भाव आहेत. पाण्याचा रकाना मात्र त्यात नाही.