सरकारला पुरावा मागणारा संपादक : बी. जी. हॉर्निमन

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरच्या किनाऱ्याला एक रबरी होडी लागली. तीतून उतरलेल्या तरुणांना पहिला प्रश्न विचारला तो तिथल्या कोळी बांधवांनी. कोण, कुठले, इथे कशासाठी आलात, अशी त्यांनी चौकशी केली. अनोळखी होडी दिसली की हटकायचे, हा दर्याकाठचा जुना शिरस्ता आहे. वृत्तपत्राचे कामही याहून फारसे निराळे नाही. फरक इतकाच, की त्याला सत्तेकडून येणाऱ्या दाव्यांनाही हटकावे लागते. युद्धाच्या काळात हे काम सर्वांत अवघड होते, कारण तेव्हा शंका घेणे हाच देशद्रोह ठरवला जातो. हे काम करण्यासाठी हद्दपारी पत्करणाऱ्या एका इंग्रज संपादकाचे नाव मच्छीमार नगरपासून थोड्याच अंतरावर, फोर्टातल्या एका गोलाकार उद्यानाला दिलेले आहे. हॉर्निमन सर्कलवरून रोज हजारो मुंबईकर ये-जा करतात. हा हॉर्निमन कोण, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातला. वडील ब्रिटिश नौदलाच्या हिशेब खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. म्हणजे साम्राज्याची सेवा घरातच होती. मुलगा मात्र वृत्तपत्रांकडे वळला. १८९४ मध्ये पोर्ट्‌स्मथच्या एका सायंदैनिकातून त्यांनी पत्रकारितेला आरंभ केला. पुढे 'डेली क्रॉनिकल', 'मँचेस्टर गार्डियन' अशा पत्रांतून अनुभव घेऊन १९०६ मध्ये ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये दाखल झाले. बंगालच्या फाळणीविरुद्धची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. राज्यकर्त्यांच्या जातीतला हा माणूस आंदोलकांच्या बाजूने उभा राहिला आणि कलकत्त्यातील गोऱ्या समाजाच्या रोषाला पात्र झाला.

मुंबईत त्या सुमारास सर फिरोजशहा मेहता एका नव्या इंग्रजी दैनिकाच्या उभारणीत गुंतले होते. शहरातील इंग्रजी पत्रसृष्टीवर गोऱ्यांच्या हितसंबंधांची छाप होती आणि हिंदी लोकमताला इंग्रजीत बोलणारे समर्थ दैनिक हवे होते. १९१३ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू झाले आणि संपादकपदी हॉर्निमन आले. मराठी वाचकाला सरकारशी झगडणारा संपादक नवा नव्हता. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे आणि 'केसरी'चे लोकमान्य टिळक या दोघांनाही १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली होती. टिळकांच्या शिक्षेनंतर गिरणगावातील कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते. पण राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच माणसाने त्यांना जाब विचारावा, हे मुंबईला नवे होते.

दैनिक सुरू होऊन दीड वर्ष होते न होते तोच पहिले महायुद्ध पेटले. मुंबई हे या युद्धातले हिंदुस्थानचे मोठे लष्करी बंदर ठरले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठी पहिली फौज ऑक्टोबर १९१४ मध्ये इथूनच निघाली. कुलाब्याच्या लष्करी वसाहतीत जखमींसाठी इस्पितळ होते आणि आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या नव्याकोऱ्या इमारतीचाही उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला. १९१५ मध्ये सरकारने भारत संरक्षण कायदा आणला. १९१० चा वृत्तपत्र कायदा हाताशी होताच. जामीन मागणे, तो जप्त करणे, छापखाना बंद पाडणे आणि माणसाला खटल्याविना स्थानबद्ध करणे, असे सगळे अधिकार आता सरकारच्या मुठीत आले.

या बंदोबस्ताआड काय दडत होते, ते मेसोपोटेमियाने दाखवून दिले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफनला फौजेला माघार घ्यावी लागली. जखमी सैनिक दिवसेंदिवस उपचाराविना नदीतल्या बोटींवर खितपत पडले होते. त्याच वेळी जखमींची स्थिती समाधानकारक असल्याच्या तारा वरिष्ठांकडे जात होत्या. मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेली दुर्दशा कळवली, तेव्हा त्यालाच अटकेची धमकी देण्यात आली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट येथे वेढ्यात सापडलेल्या सुमारे १३ हजार लोकांच्या फौजेने शरणागती पत्करली. ही मुख्यतः पुणे डिव्हिजनची फौज होती आणि तीत मराठा पलटणींचे जवान होते. त्यांतले कित्येक पुढे कैदेत मेले. रत्नागिरी आणि सातारा हे या पलटणींच्या भरतीचे जिल्हे. परळ-लालबागच्या चाळींतला गिरणी कामगारही बहुतेक त्याच भागातला. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कडक ठपका आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. मात्र हे सत्य उजेडात यायला दीड वर्ष लागले. दरम्यान विचारणा करण्याची मुभा वृत्तपत्रांना असती, तर काही जीव कदाचित वाचलेही असते.

हॉर्निमन यांचा झगडा नेमका या मुभेसाठी होता. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या प्रेस असोसिएशन ऑफ इंडियाचे ते अध्यक्ष होते आणि या संस्थेने वृत्तपत्र कायद्याविरुद्ध सरकारकडे सातत्याने गाऱ्हाणी मांडली. ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगमध्येही ते आघाडीवर होते. युद्धाला मदत मागायची, पण युद्धाविषयी बोलू द्यायचे नाही, ही सरकारची रीत जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भर सभेत दिसली. गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळक सहकार्याच्या अटींचा विषय काढू लागताच त्यांना रोखण्यात आले आणि टिळक सभागृह सोडून निघून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच टाऊन हॉलमध्ये, विलिंग्डन यांच्या गौरवाची सभा भरली. ती उधळून लावणाऱ्या बॅ. जिना यांच्या बाजूला हॉर्निमन होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, पण युद्धकाळातले अधिकार सोडायची सरकारची तयारी नव्हती. त्यातून रौलट कायदा आला. महात्मा गांधींनी सत्याग्रह सभा स्थापन केली. गांधीजी तिचे अध्यक्ष आणि हॉर्निमन उपाध्यक्ष झाले. ३० मार्च १९१९ रोजी दिल्लीत जमावावर गोळीबार झाला. ६ एप्रिलला मुंबईत कडकडीत हरताळ पाळला गेला. १३ एप्रिलला अमृतसरमध्ये जालियनवाला बाग घडली. त्यानंतर पंजाब सरकारने उघड बंड पुकारले गेल्याचे जाहीर करून लष्करी कायदा लागू केला. गुजराणवाल्यावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले. बाग ही सभेची जागा होती, रणांगण नव्हते. पण सरकारी भाषेत ते बंड होते आणि बंड म्हटले की न्यायालये, वकील, वार्ताहर या सगळ्यांना दूर ठेवता येत होते. 'ट्रिब्यून'चे संपादक कालिनाथ रॉय यांना लष्करी कायद्याखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. 'क्रॉनिकल'चे वार्ताहर गोवर्धनदास यांना तीन वर्षे तुरुंगवास झाला. पंजाबातून बाहेर येणारी बातमी जवळजवळ बंद पडली.

या वातावरणात 'क्रॉनिकल' सरकारी निवेदने जशीच्या तशी मान्य करीत नव्हते. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. २६ एप्रिल १९१९ रोजी हॉर्निमन यांना भारत संरक्षण कायद्याखाली हद्दपार करून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवण्यात आले. गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉईड. आरोपपत्र नाही, खटला नाही, बचावाची संधी नाही. तोफा थंडावून पाच महिने उलटले होते, तरी युद्धाचा कायदा कागदोपत्री जिवंत होता.

भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत या कारवाईचे समर्थन केले. दिल्लीच्या रस्त्यांवर सैनिकांनी शरीरात फुटणाऱ्या मऊ टोकाच्या गोळ्या वापरल्याचा आरोप हॉर्निमन यांच्या पत्राने छापला आणि त्या पत्राच्या प्रती गोऱ्या सैनिकांत फुकट वाटल्या गेल्या, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. लष्करावर इतका गंभीर आरोप छापताना संपादकाच्या हाती भक्कम पुरावा असलाच पाहिजे. सरकारला पुरावा मागणाऱ्याला आपला पुरावा दाखवण्यातून सूट मिळत नाही. पण बातमी खोटी होती, तर ती न्यायालयात खोटी ठरवण्याचा मार्ग सरकारला मोकळा होता. तिथे दोन्ही बाजूंचे साक्षीदार आले असते. सरकारने तो मार्ग टाळून संपादकच देशाबाहेर काढला. त्यामुळे बातमीची शहानिशा झाली नाही आणि सरकारच्या शब्दावरचा विश्वासही वाढला नाही.

हद्दपारीपाठोपाठ 'क्रॉनिकल'वर पूर्वतपासणीची सक्ती आली आणि पत्राचे प्रकाशन काही काळ थांबले. ही पोकळी भरून काढण्यासाठी मुंबईतील 'यंग इंडिया' हे साप्ताहिक गांधीजींच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा निघू लागले. एक संपादक दूर केला म्हणून प्रश्न थांबले नाहीत.

पंजाबात काय घडले, त्याचा हिशेब मात्र फार सावकाश बाहेर आला. बागेतील मृतांचा सरकारी अंदाज सुरुवातीला सुमारे दोनशेचा होता. पुढे तो ३७९ वर गेला. काँग्रेसच्या चौकशी समितीने, जिच्यात गांधीजींबरोबर मुंबईचे मुकुंदराव जयकरही होते, सुमारे एक हजार हा आकडा अतिशयोक्त नसल्याचे मत दिले. जनरल डायर यांनी १६५० गोळ्या झाडल्याचे हंटर समितीपुढे सांगितले, ते नोव्हेंबर १९१९ मध्ये. ब्रिटनमधील सामान्य वाचकाला या प्रकाराचे खरे स्वरूप त्यानंतरच, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांनी कळले. हॉर्निमन लंडनमध्ये स्वस्थ बसले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी अमृतसरच्या हत्याकांडावर आणि ब्रिटिश कारभारावर पुस्तक लिहून साम्राज्याच्या राजधानीतच हा विषय जागता ठेवला.

परतीची परवानगी त्यांना वर्षानुवर्षे नाकारली गेली. अखेर जानेवारी १९२६ मध्ये कायद्यातल्या एका पळवाटेचा आधार घेऊन ते हिंदुस्थानात परतले आणि 'क्रॉनिकल'च्या कामात पुन्हा रुजू झाले. पुढे त्यांनी स्वतःची पत्रे काढून पाहिली. १९३३ मध्ये सुरू झालेल्या 'बॉम्बे सेंटिनल' या सायंदैनिकाचे ते १२ वर्षे संपादक होते. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्यासमवेत 'ब्लिट्झ'च्या स्थापनेतही त्यांचा हात होता.

उतारवयात त्यांनी दुसरे महायुद्धही मुंबईतूनच पाहिले आणि जुनाच खेळ नव्याने सुरू झालेला अनुभवला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. बोटीत सुमारे १४०० टन स्फोटके होती. शेकडो लोक मरण पावले, मांडवीचा परिसर भस्मसात झाला आणि हादरे दूरवर जाणवले. तरी सविस्तर बातमी देण्यास वार्ताहरांना मे महिन्यापर्यंत मुभा मिळाली नाही. त्याआधीच, स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती जगाला सांगून टाकली होती. ज्या शत्रूपासून बातमी लपवायची, त्याच्याच तोंडून ती ऐकण्याची पाळी लोकांवर आली.

१६ ऑक्टोबर १९४८ रोजी हॉर्निमन यांचे निधन झाले. ज्या देशासाठी हद्दपारी भोगली, तो देश स्वतंत्र झालेला त्यांना पाहता आला. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कल हे एका गव्हर्नरचे नाव पुसून तिथे या संपादकाचे नाव आले. समोरच, जिथे टिळकांना बोलू दिले नव्हते, तो टाऊन हॉल आहे. 'क्रॉनिकल'ची धुरा पुढे दीर्घकाळ वाहणारे सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या नावाचा रस्ताही शेजारीच आहे.

हॉर्निमन यांच्या आयुष्याचा अर्थ केवळ सरकारविरोध एवढाच लावला, तर तो अपुरा राहील. युद्धात काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. २००८ च्या हल्ल्यात सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवणाऱ्या वाहिन्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात कठोर ताशेरे ओढले, ते याच कारणाने. जवानाची जागा शत्रूला सांगणे ही पत्रकारिता नव्हे. पण जखमी जवानाला औषध मिळाले की नाही, मृतांचा आकडा कुणी आणि कसा मोजला, सभेला बंड कोणत्या पुराव्यावर ठरवले, हे विचारल्याने शत्रूच्या हाती काही लागत नाही. हे प्रश्न कुटच्या वेढ्यातल्या जवानांच्या घरच्यांचे होते आणि बागेतून परत न आलेल्यांच्या घरच्यांचेही होते. त्यांना स्वतः ते सरकारदरबारी विचारता येत नव्हते. म्हणून ते वृत्तपत्राने विचारायचे होते आणि हॉर्निमन यांनी ते काम मुंबईत बसून केले.