पोलीस, पेपर आणि अणुभट्टी

मागच्या सेमला सेमिनारसाठी मी अणुऊर्जा हा टॉपिक घेतला होता. जपानची माहिती शोधताना एक नाव सारखं समोर यायचं, मात्सुतारो शोरिकी. मला वाटलं, हा कोणी मोठा सायंटिस्ट असणार. पण निघाला चक्क पोलीस ऑफिसर! मग सेमिनार राहिला बाजूला आणि मी त्यांच्याच मागे लागले.

शोरिकींचा जन्म १८८५ चा, तोयामा प्रांतातला. टोकियोला कायदा शिकून ते पोलीस खात्यात गेले आणि भराभर वर चढले. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत महाभयंकर भूकंप झाला. कोरियन लोक आगी लावतायत, विहिरीत विष टाकतायत अशी अफवा उठली. पोलिसांनी ती थांबवायची, तर त्यांनीच ती पसरवायला मदत केली. हजारो निरपराध कोरियन मारले गेले. तेव्हा शोरिकी वरच्या हुद्द्यावर होते. पोलीस फसले, हे त्यांनी पुढे मान्य केलं, पण गेलेले जीव थोडेच परत येणार?

त्याच डिसेंबरात युवराज हिरोहितोंवर गोळी झाडली गेली. युवराज वाचले, शोरिकींची नोकरी मात्र गेली. वय अवघं ३८! दुसरा कोणी घरी बसला असता. यांनी १९२४ मध्ये योमिउरी हा डबघाईला आलेला पेपर घेतला आणि मोठा करून दाखवला. १९३४ मध्ये बेब रूथला जपानला आणून बेसबॉलचं वेड लावलं. त्याच रागातून पुढच्या वर्षी एका कट्टर माणसाने त्यांच्यावर तलवारीने वार केला. त्यातूनही ते वाचले. महायुद्धानंतर युद्धगुन्हेगार असल्याच्या संशयावरून तुरुंगात गेले, पण खटला न चालताच १९४७ ला सुटले. १९५३ मध्ये त्यांनी देशातलं पहिलं खाजगी टीव्ही चॅनेल सुरू केलं.

१९५५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते खासदार झाले आणि त्याच वर्षी मंत्रीसुद्धा. १९५६ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष. त्यांना पाच वर्षांत अणुवीज हवी होती. आयोगातले नोबेल विजेते हिदेकी युकावा यांचं मत होतं की आधी बेसिक रिसर्च करू, घाई नको. शोरिकींनी ऐकलं नाही. १९५७ मध्ये युकावा राजीनामा देऊन बाहेर पडले. भट्टी ब्रिटनकडून घेतली, पण ते डिझाइन भूकंपाच्या देशासाठी नव्हतंच! त्यात बदल करावे लागले. तोकाईची ती भट्टी व्यापारी तत्त्वावर चालू व्हायला १९६६ साल उजाडलं.

ऑक्टोबर १९६९ मध्ये शोरिकी गेले. त्याच महिन्यात आपल्या तारापूरची व्यापारी तत्त्वावरची वीजनिर्मिती सुरू झाली. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात जे झालं त्याचं सगळं खापर एकट्या शोरिकींवर फोडणं बरोबर नाही. ती भट्टी वेगळी, कंपनी वेगळी, शिवाय मधे चाळीस वर्षं गेलेली. पण घाईची सवय कोणी लावली, हा प्रश्न उरतोच.

त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. तरी राहून राहून मला युकावाच आठवतात. उद्या आपण जॉबला लागू. साहेब म्हणतील, लवकर सही करा. तेव्हा थोडं थांबा म्हणायची हिंमत आपल्यात असेल का? सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग्ज छापणाऱ्या आपण सगळ्यांनी, माझ्यासकट, याचा विचार करायला हवा.